फक्त एक अख्खा प्री-सीझन

ऑक्टोबर लागला की आमचे भरतीमंत्री गुडघे शोधायला निघतात. खेळाडू नव्हे, गुडघेच. कोणाचीही ओळख करून देताना नाव मागाहून, गुडघ्याचा इतिहास आधी. "डावा दोनदा उघडलाय, पण उजवा अजून कोरा आहे, मेट!" लग्नं जुळवणारे काका मुलाचा पगार मोठ्याने आणि वय पुटपुटत सांगतात ना, तसे हे गृहस्थ त्या खेळाडूने कोणे एके काळी मारलेले गोल मोठ्याने सांगतात, वय खोकल्यात बुडवतात, आणि मग ते वाक्य येतं. "फक्त एक अख्खा प्री-सीझन मिळू दे त्याला. मग बघ."

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आमच्या घरामागे फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, एक छोटा क्लब आहे. भरतीमंत्री ही पदवी माझी. समितीच्या कागदांवर ते नुसते सदस्य. साठी उलटलेली, जुलैच्या कडाक्यातही हाफ पँट, काखेत क्लिपबोर्ड. त्या क्लिपबोर्डावर काय लिहिलेलं असतं ते मी पाहिलंय. हाडवैद्याची वही वाटावी.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांना एवढंच सांगतो: मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, बाजूला अठरा-अठरा माणसं, चार क्वार्टर्स, आणि अंगावर बिनबाह्यांचं बनियन. हेल्मेट नाही, पॅड नाहीत. समोरच्याच्या पाठीवर गुडघा रोवून हवेतला चेंडू झेलला तर पंच तो गुन्हा मानत नाही, उलट अख्खं मैदान टाळ्या वाजवतं. अशा खेळात अडतीस वर्षांचा, कमरेला पट्टा बांधणारा माणूस उतरवायचा म्हणजे काय, याची कल्पना करा. भरतीमंत्री करत नाहीत.

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण त्यांच्याकडे दाखले आहेत, तेही थेट देशातल्या सर्वोच्च लीगमधले. शॉन बर्गॉयन २००९च्या अखेरीस दुखरा गुडघा घेऊन पोर्ट अ‍ॅडलेडहून हॉथॉर्नला आला. २०१३, १४ आणि १५ या तिन्ही अजिंक्यपदांत खेळला आणि २०२१ साली थांबला तेव्हा त्याच्या नावावर ४०७ सामने होते. ल्यूक हॉज २०१७ला हॉथॉर्नमधून निवृत्त झाला आणि ब्रिस्बेनला जाऊन आणखी दोन हंगाम खेळला. पहिल्या हंगामात ब्रिस्बेन गुणतक्त्यात पंधरावं होतं, दुसऱ्यात दुसरं. आणि २०२२ची जीलाँग! इतका वयस्क संघ तोवर कधी अंतिम सामन्यात उतरलाच नव्हता, आणि त्याने सिडनीला ८१ गुणांनी धुतलं. सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक कोणाला? हॉथॉर्नहून आलेल्या आयझॅक स्मिथला, वय वर्षं ३३. हे सगळं ते एका दमात सांगतात आणि वर विचारतात, "मग?"

मी एकदा टोनी लॉकेटचं नाव काढून पाहिलं. १,३५७ गोल करून १९९९ला निवृत्त झालेला हा धिप्पाड माणूस २००२ साली सिडनीसाठी पुन्हा मैदानात आला. तीन सामने, तीन गोल, खेळ खलास. भरतीमंत्री क्षणभरही डगमगले नाहीत. "सामन्याला एक! आपल्याकडे सामन्याला एक गोल करणारा कोण आहे, सांग."

मोठ्या क्लबांमध्ये करार करण्याआधी मेडिकल असते. एमआरआय, स्कॅन, तज्ज्ञांची फौज. आमच्याकडे मेडिकल म्हणजे पार्किंगपासून कॅन्टीनपर्यंतचं चालणं. भरतीमंत्री उमेदवाराच्या बाजूने, जरा मागे राहून, गप्पा मारत चालतात आणि लंगडण्याची लय ऐकतात. मधे कुठे न थांबता माणूस कॅन्टीनशी पोचला, की पास. थांबला तरी पासच, फक्त त्याला फॉरवर्ड पॉकेटमध्ये, म्हणजे गोलशेजारच्या कोपऱ्यात, टाकायचं ठरतं. आमच्या संघात फॉरवर्ड पॉकेटमध्ये इतकी माणसं आहेत की बाकी मैदान मोकळं पडतं. त्यात भरतीवर लीगचा लगाम: स्थानिक लीगच्या पॉइंट पद्धतीत क्लबातच वाढलेला पोरगा एका पॉइंटचा, वरच्या दर्जाचं खेळून आलेला महाग, आणि संघाची बेरीज ठरावीक आकड्याच्या आत बसवायची. दुखापतीला पॉइंट नाहीत, हा लीगचा अन्याय आहे असं भरतीमंत्र्यांचं मत. निदान सूट तरी द्यावी.

आता त्या अख्ख्या प्री-सीझनबद्दल. सराव नोव्हेंबरात सुरू होतो, सामने एप्रिलमध्ये. मधल्या महिन्यांत माणसाने धावून धावून अंग कमवायचं. पण नोव्हेंबरात नव्या भरतीच्या मेव्हण्याचं लग्न असतं. डिसेंबरात ऊन असतं आणि बिअर असते. जानेवारीत कुटुंब कॅरॅव्हॅन घेऊन समुद्राकडे जातं. फेब्रुवारीत तो पहिल्यांदा सरावाला येतो, बुटाची नाडी बांधायला वाकतो आणि पाठ धरते. असा अख्खा प्री-सीझन कोणाला मिळालेला मी पाहिलेला नाही. म्हणूनच बहुधा भरतीमंत्र्यांची त्याच्यावरची श्रद्धा इतकी टिकून आहे.

ती श्रद्धा फूटीपुरती थांबत नाही. त्यांचं गवत कापायचं मशीन दर वसंतात बंद पडतं: अख्खा प्री-सीझन हवा. त्यांची यूट गाडी चढावर धूर सोडते: तेच. एकदा ते घरी आले तेव्हा बायकोने कौतुकाने लिंबाचं लोणचं वाढलं. नुकतंच घातलेलं, फोडी अजून कडक. त्यांनी एक फोड तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आणलं, पण सभ्यता सोडली नाही. "ह्याला फक्त एक अख्खा प्री-सीझन मिळू दे." लोणचं मुरलं नाही हे इतक्या नेमकेपणाने आमच्या मामींनीसुद्धा सांगितलं नसतं.

त्याच दिवशी त्यांची नजर माझ्यावर गेली. बोलता बोलता मी म्हणून गेलो की कॉलेजात कबड्डी खेळायचो. ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे टॅकल येतो!" मी म्हटलं, त्याला जमाना झाला. बायको मला वाचवायला धावली: "अहो, जिना चढताना तुमचे गुडघे वाजतात, ते सांगा ना त्यांना." मी सांगितलं. हीच आमची चूक. गुडघे वाजतात हे ऐकल्यावर त्या माणसाचे डोळे जे काही चमकले! क्लिपबोर्ड बाहेर आला. "दोन्ही?"

घासाघीस होऊन मी गोल अंपायरच्या पांढऱ्या कोटावर सुटलो. गोल झाला की दोन निशाणं, एक गुण असेल तर एकच. ही जागा फार बोधप्रद आहे. फॉरवर्ड पॉकेटमधली सगळी भरती तुमच्यापासून हाताच्या अंतरावर कण्हत असते.

तिथूनच मी तो रकमन, म्हणजे पंचाने उडवलेल्या चेंडूसाठी उडी मारणारा गडी, पाहिला, साडेसहा फुटी, खेड्यापाड्यांतल्या लीग गाजवून आलेला. भरतीमंत्री अख्खा उन्हाळा त्याच्याबद्दल गात होते. पहिला सामना, पहिला चेंडू पंचाने आपटून उंच उडवला, हा उडाला, आणि खाली आला तो पोटरी धरूनच. पुन्हा त्या मैदानावर तो खेळला नाही. भरतीमंत्री स्ट्रेचरच्या शेजारून धावत त्याला काय सांगत होते, ते तुम्ही ओळखलंच असेल.

दुर्दैवाने एकदा त्यांचं खरं ठरलं. दोन्ही खांदे टेपने गुंडाळलेला एक फुल-फॉरवर्ड त्यांनी कुठून तरी आणला. तो पळायचा नाही. गोलच्या तोंडाशी उभा राहायचा, शांतपणे, बस यायची असल्यासारखा. चेंडू यायचा. तो हात वर करायचा. त्या हंगामात निशाणं हलवून माझेच खांदे भरून आले. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक लंगडा माणूस 'दुसरा तो' असतो.

एवढं सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. शनिवारी सकाळी मैदानावर सॉसेज कोण भाजतं? तो साडेसहा फुटी रकमन. ऑस्किक या लहानग्यांच्या फूटी-वर्गातल्या चिमुरड्या पोरांना चेंडू पायावर कसा सोडायचा ते कोण शिकवतं? कमरेला पट्टा बांधणारा. मुलींच्या संघाची प्रशिक्षक ही गुडघ्यातल्या एका फाटलेल्या एसीएलची बायको आहे, आणि त्यांची धाकटी त्याच संघात खेळते. पोरांचे घोटे टेपने बांधण्यात आमच्या क्लबाचा हात या भागात कोणी धरणार नाही, कारण बांधणाऱ्यांनी आयुष्यभर स्वतःचेच बांधलेत. घड्याळ सांभाळून सायरन वाजवायचा तो एक मोडका खांदा. आसपासचे दोन क्लब माणसांअभावी रिझर्व्ज, म्हणजे दुसऱ्या फळीचा, संघ उतरवू शकत नाहीत. आमचा उतरतो. हरतो, पण उतरतो.

हे मी त्यांना बोलून दाखवलं. म्हटलं, तुम्ही खेळाडू भरती करतच नाही; क्लब चालवणारी माणसं गोळा करता आणि खेळाचं नुसतं आमिष दाखवता. वाटलं, खूश होतील. त्यांना खरोखर राग आला. सॉसेजच्या धुराकडे बोट दाखवून म्हणाले, "तो तिथे तात्पुरता आहे."

आणि ते खरंच तसं मानतात. क्लबरूममधल्या पांढऱ्या बोर्डावर जायबंदी खेळाडूंची यादी आहे. तिच्यातली काही नावं मी इथे राहायला आलो त्याआधीपासूनची. गेल्या वर्षी आलेल्या तरुण कोचने एक दिवस ती पुसून टाकली. भरतीमंत्र्यांनी पेन घेतलं आणि सगळी नावं पुन्हा लिहून काढली, जागेसकट, दुखापतीसकट, कागदात न बघता. क्वीन्सलँडला कायमचा राहायला गेलेला एक जण त्यात होता. सायरनवालाही होता. तो त्याच हिवाळ्यात वारला होता आणि त्याच्या अंत्यविधीला कोचसह आम्ही सगळे गेलो होतो. त्याचं नाव त्यांनी फॉरवर्ड पॉकेटमध्ये घातलं आणि पुढे लिहिलं: खांदा, अनिश्चित.

कोच बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिला. मग त्याने समितीकडे दुसरा बोर्ड मागितला. मंजूर झाला, ठराव भरतीमंत्र्यांनीच मांडला होता. जुन्यावर जागा उरली नव्हती, आणि बॅलरॅटहून दोन गुडघे येऊ घातले होते.