मॅलेटसाहेबांचा पाय

माथेरानला अण्णांना चुकवून फिरणं अवघड आहे. गाड्यांना दस्तुरी नाक्यापलीकडे प्रवेश नाही. तिथून तुम्ही तांबडी माती तुडवत चाला, घोड्यावर बसा नाहीतर अमन लॉजहून शटल पकडा. माथेरान स्टेशनजवळच्या बाकावर अण्णा असतातच. डोक्याला माकडटोपी, काखेत छत्री, मांडीवर कापडी पिशवी. आपण नुसतं “गाडी किती वाजता?” म्हणून विचारायचा अवकाश, ते विचारतात, “कुठली? आत्ताची की १९०७ची?”

अण्णा टपालखात्यातून निवृत्त झाले. गाव त्यांना ‘गॅझेटियर’ म्हणतं. नाव चेष्टेनेच पडलं होतं, पण अण्णांनी ते पदवीसारखं स्वीकारलं, त्यामुळे चेष्टा करणाऱ्यांचा अगदी विरस झाला. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमधलं माथेरानवरचं लांबलचक टिपण त्यांना तोंडपाठ आहे. माथेरान आता रायगड जिल्ह्यात आहे, हे ते तात्पुरती व्यवस्था असल्यासारखं सांगतात.

त्यांचं आख्यान शटलच्या वेळापत्रकावर बेतलेलं असतं. गाडीला दहा मिनिटं असली तर नुसते मॅलेटसाहेब. ह्यू मॅलेट, ठाण्याचे कलेक्टर, मे १८५०मध्ये खालच्या चौक गावाकडून हा डोंगर चढून आले, इथवर. अर्धा तास हाताशी असला तर मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येतात, पाठोपाठ आदमजी पीरभॉय येतात. आदमजींच्या पैशावर त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेनने, १९०४मध्ये दोन फुटी रुळांचं काम काढलं आणि १९०७ साली नेरळहून गाडी वर आणली. खर्च सोळा लाख. “सोळा लाख!” हे अण्णा अशा सुरात म्हणतात की ऐकणाऱ्याचा हात आपसूक खिशाकडे जातो. आणि गाडीच रद्द झाली असेल तर मग तुमचं काही खरं नाही. मग २००५च्या पावसात वाहून गेलेल्या रुळांपासून ते २००७ साली गाडी पुन्हा धावली तिथपर्यंत सगळं ऐकावं लागतं, मधल्या बंगल्यांच्या मालकांसकट.

एका जागी मात्र ते अडखळतात. त्या मार्गावर बोगदा एकच, तोही इतका आखूड की जुन्या प्रवाशांनी त्याला ‘वन किस टनेल’ म्हणायला सुरुवात केली. अण्णा म्हणतात, “तो बोगदा.” कुणी आगाऊ कॉलेजकुमाराने खोदून विचारलं तर लांबी-रुंदीवर घसरतात.

भाई कोतवालांबद्दल बोलताना मात्र त्यांची टोपी हातात येते. याच गावात १९१२ साली जन्मलेले, वकील झालेले, बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडणारे कोतवाल २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात पडले. सोबत हिराजी पाटील होते. एवढं सांगून अण्णा थांबतात. तेव्हा शटल आली तरी ते घाई करत नाहीत, आणि ऐकणाराही करत नाही.

घरी एक काळी ट्रंक आहे. तिच्यात बंगल्यांच्या जुन्या पावत्या, पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं, कोपरे झिजलेले फोटो, आणि प्रत्येक कागद दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, दोन डांबरगोळ्यांसह. माथेरानचा पाऊस माणसालासुद्धा बुरशी आणतो, तिथे कागदाची काय कथा! म्हणून जून ते सप्टेंबर ट्रंक खाटेवर असते आणि अण्णा जमिनीवर. हे व्रत वहिनींनी स्वीकारलेलं नाही. खाटेची दुसरी बाजू त्यांनी सोडलेली नाही.

आता इतिहास लोकांपर्यंत पोचला पाहिजे, हे अण्णांचं आवडतं वाक्य. पण कागद लोकांपर्यंत पोचलेला त्यांना खपत नाही. मुंबईहून एक मुलगी प्रबंधासाठी आली. अण्णांनी तिला साबणाने हात धुवायला लावले, नखं तपासली, चहा दिला, पोहे दिले, आणि ट्रंकेचं झाकण वीतभर उघडून मिटलं. तिने मोबाइलवर फोटो काढू का विचारताच म्हणाले, “फोटो काढला की तो कुठेही जातो.” मुलगी म्हणाली, त्यासाठीच तर काढायचा. अण्णांनी तिला आणखी पोहे वाढले.

वर्तमानपत्रात माथेरानवर काही छापून आलं की ते लाल पेन घेऊन बसतात. १८५०चं १८५१ झालेलं असतं, मॅलेटचा ‘मॅलेर’ झालेला असतो. सुधारलेलं कात्रण तारीख घालून ट्रंकेत जातं. आता त्या ट्रंकेत इतिहास कमी आणि इतरांच्या चुका जास्त, असं माझं मत आहे. ते मी त्यांच्यासमोर बोलत नाही, पोहे चांगले असतात.

त्यांचा खरा सल वेगळाच आहे. “साहेब काय एकटा चढला? पुढे कुणीतरी कोयता घेऊन चालत असणार. ठाकर असेल, धनगर असेल, कातकरी असेल. त्याचं नाव मला कुठे सापडत नाही.” साहेबाच्या नावाचा झरासुद्धा आहे, पण वाट दाखवणाऱ्याच्या नावाचा खडा नाही, ही त्यांची तक्रार मला बिनतोड वाटते. ते खालच्या वाड्यांमधून म्हाताऱ्यांना विचारत फिरले. म्हाताऱ्यांनी त्यांनाच पेन्शनचे फॉर्म भरायला लावले. टपालातला माणूस, दुसरं काय करणार!

आणि हाडवैर आहे ते घोडेवाल्यांशी. घोडेवाल्यांच्या इतिहासात प्रत्येक पॉइंटवरून एक मेमसाहेब उडी मारते. लुईसावरून मारते, पॅनोरमावरून मारते, इको पॉइंटवर तर तिची किंकाळी अजून ऐकू येते. एकदा अण्णांनी एका घोडेवाल्याला गिऱ्हाइकादेखत अडवलं, सन-सनावळी ऐकवली. त्याने लगाम न सोडता सांगितलं, “अण्णा, तुमच्या कलेक्टरचे मला कुणी वीस रुपये वर देत नाही. बाईने उडी मारली की पन्नास सुटतात.”

अण्णा दोन दिवस बाकावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि पुन्हा मॅलेटसाहेबांना डोंगर चढवू लागले. पण अलीकडे त्या चढणीवर, ऐकणारी पोरं मोबाइल काढायला लागली की नेमका साहेबांचा पाय घसरतो. वाटाड्या झटकन मनगट धरतो, साहेब वाचतात, पोरं मोबाइल खाली ठेवतात. मी अण्णांना बाजूला घेऊन विचारलं, हे कुठल्या कागदात आहे?

“मे महिना,” ते म्हणाले, “वाळलेला पाचोळा, असा उभा चढ आणि पायात विलायती बूट. नाही घसरला, तर पुरावा तुम्ही आणा.”