एकोणीस अंशांतला स्कॉटलंड

मोटरहोम ज्याने शोधून काढलं, त्या माणसाला प्रवास करायचा होता, पण घर सोडायचं नव्हतं. साडेतीन टनांच्या त्या गाडीत गॅसची शेगडी असते, फ्रिज असतो, संडास-बाथरूम असतं, चौघांची झोपायची सोय असते. रुसून जाऊन बसायला दुसरी खोली तेवढी नसते. ती उणीव टीव्ही भरून काढतो. टीव्ही लागला की माणसं शेजारी शेजारी बसूनही एकमेकांपासून लांब राहू शकतात.

२०१९च्या जुलैत लेक-जावई लेस्टरहून आम्हा दोघांना स्कॉटलंड दाखवायला निघाले, तेव्हा भाड्याच्या मोटरहोममध्ये टीव्ही होता, पण डिश नव्हती. ती जावयाच्या एका मित्राने दिली, आणि एवढ्या हसतमुखाने दिली की मला तेव्हाच संशय आला. ६० सेंटिमीटरची डिश, तिपाई, केबलचं वेटोळं, होकायंत्र आणि सिग्नल मिळाला की किंचाळणारं एक मीटर. वापरायचं कसं ते सांगणारा कागद नव्हता.

डिशची निकड क्रिकेटमुळे निर्माण झाली. १० जुलैला भारत न्यूझीलंडकडून १८ धावांनी हरला आणि घरात सुतक आलं. ११ तारखेला इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि जाहीर झालं की विश्वचषकाची फायनल तिथल्या चॅनल ४ वर सगळ्यांना फुकट दिसणार. ‘फुकट’ ऐकताच आमच्या ह्यांचं सुतक फिटलं. “आपण नसलो म्हणून काय झालं? फायनल ती फायनल,” हे म्हणाले. १४ जुलैलाच विम्बल्डनची पुरुषांची फायनल होती. म्हणजे तारीख एक, डिश एक, टीव्ही एक आणि माणसं चार. त्यात मी फेडररची.

डिश गाडीवर बसवायची कशी, यावर निघण्यापूर्वी अंगणात बैठक झाली. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठलीही वस्तू खांबावर चढवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. छताला भोकं पाडून पक्कं बसवावं, हा त्यांचा पहिला प्रस्ताव. गाडी भाड्याची आहे आणि डिपॉझिट आपलं आहे, एवढं सांगून लेकीने तो फेटाळला. रबरी कप छताला चिकटवून त्यावर डिश उभी करतात, तो प्रकार ह्यांना बाथरूममधल्या आकड्यासारखा तकलादू वाटला. राहिली गाडीच्या मागची शिडी. तिला क्लॅम्पने डिश आवळता येते. “घराची डिश घरावरच पाहिजे,” हे म्हणाले. जावई सासऱ्यांना ‘नाही’ म्हणत नाहीत. ते म्हणाले, “बाबा, आधी तिपाईवर बघू या का?” आमच्या घरात ‘नाही’ याच भाषेत म्हणतात.

आता थोडा भूगोल. सांगलीच्या शाळेत मी जन्मभर तोच शिकवला आहे, त्यामुळे वाचकांनी हात बांधून ऐकावं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथून पृथ्वीभोवतीची फेरी पृथ्वीच्याच वेगाने होते, म्हणून खालून पाहणाऱ्याला उपग्रह एका जागी खिळल्यासारखा वाटतो. आर्थर क्लार्क यांनी १९४५मध्ये एका मासिकातल्या लेखात ही कल्पना मांडली होती. सांगली विषुववृत्तापासून सतराच अंशांवर. त्यामुळे ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे पाहणारी तिथली डिश मान चांगली वर करून, ६८ अंशांत आभाळ न्याहाळते. ब्रिटनचे चॅनल देणारे अ‍ॅस्ट्रा उपग्रह २८.२ अंश पूर्वेला आहेत. लंडनहून ते क्षितिजाच्या वर २५ अंशांवर, लेक डिस्ट्रिक्टमध्ये २२ वर आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जेमतेम १९ वर येतात. दिशा आग्नेय. म्हणजे जितकं उत्तरेला जावं तितका उपग्रह खाली, आणि जितकं उत्तरेला जावं तितके डोंगर वर. स्कॉटलंडच्या सहलीचं सगळं दुःख या एका वाक्यात आहे.

पहिला मुक्काम लेक डिस्ट्रिक्टमधल्या विंडरमियर तळ्याजवळ. लोक तळ्याकडे तोंड करून खुर्च्या टाकत होते, आम्ही आग्नेयेकडे तोंड करून तिपाई रोवली. ह्यांनी होकायंत्र गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. सुई इंजिनच्या लोखंडाकडे ओढली गेली आणि आग्नेय दिशा थेट कॅम्पच्या मुतारीवर आली. मी होकायंत्र उचललं, गाडीपासून दहा पावलं लांब गेले आणि खरी आग्नेय दाखवली. ती एका ओकच्या झाडात होती. तिपाई हलवली. मग ह्यांनी मोबाइलवर कोन मोजून डिशचं तोंड बरोब्बर २२ अंश वर केलं. मीटर गप्प.

“आलं का?” हे बाहेरून.

“नाही!” लेक आतून.

“आता?”

“नाही, बाबा!”

सांगलीच्या गच्चीवर १९८० नंतरच्या दशकात अँटेना फिरवताना झाला होता तोच हा संवाद, त्याच सुरात, कवी वर्ड्‌स्वर्थच्या गावाशेजारी चालला होता. शेजारच्या गाडीतून यॉर्कशायरचे एक आजोबा चहाचा मग घेऊन बाहेर आले. बराच वेळ त्यांनी सभ्यपणे आमच्याकडे दुर्लक्ष केलं. मग त्यांच्याने राहवेना. ते आले, ‘मे आय?’ म्हणाले आणि त्यांनी डिशचं तोंड तळहाताने खाली दाबलं. इतकं की डिश सरळ उभीच राहिली.

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. उपग्रह आभाळात आणि डिश शेजाऱ्याच्या चाकाकडे बघतेय! पण त्यात शास्त्र आहे. या डिशमध्ये सिग्नल टिपणाऱ्या एलएनबीचा दांडा खालून पुढे येतो, मधून नाही. त्यामुळे डिश जिकडे तोंड करून उभी दिसते, त्याच्या वीस-पंचवीस अंश वरचं तिला दिसतं. स्कॉटलंडमध्ये तर ती किंचित पुढे झुकून गवत हुंगत असल्यासारखी दिसते आणि तेव्हाच तिला उपग्रह सापडतो. आजोबांनी आणखी एक युक्ती सांगितली: होकायंत्र खिशात ठेवा आणि कॅम्पमधल्या बाकीच्या डिश बघा. सगळ्या एकाच दिशेला बघत होत्या.

मग हे डिश दक्षिणेकडून पूर्वेकडे हळूहळू फिरवू लागले. मीटर किंचाळलं. आत टीव्हीवर इटालियन बाई स्वयंपाक करत होती. हा १३ अंशांवरचा उपग्रह. आणखी थोडं फिरवल्यावर मीटर पुन्हा किंचाळलं आणि एक जर्मन गृहस्थ पडद्यावरून व्हॅक्यूम क्लीनर विकू लागले. हा १९.२ अंशांवरचा. आमच्या पासपोर्टवर फक्त ब्रिटनचा व्हिसा होता, शेंगेनचा नव्हता. तरी इटली आणि जर्मनी बसल्या खुर्चीत झाले. तिसऱ्या किंचाळीला बीबीसी आली. लेकीने आतून “आलं!” असा हंबरडा फोडला आणि तळ्यावरची बदकं उडाली. त्या तळ्यावर बदकं आहेत हे आमच्या तेव्हा लक्षात आलं.

पुढचा मुक्काम ग्लेन्कोत. ही दरी पाहायला जगभरातून माणसं येतात. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी इथे एक प्रचंड ज्वालामुखी आपल्याच पोटात खचला, पुढे हिमनद्यांनी ते खोदून काढलं आणि उरले ते हे काळे, अंगावर येणारे कडे. दक्षिणेच्या बाजूला शेजारी शेजारी तीन सोंडा उतरतात, त्यांना ‘थ्री सिस्टर्स’ म्हणतात. वर्गात फळ्यावर जे काढत आले ते प्रत्यक्ष समोर बघून माझा ऊर भरून आला. हे गाडीतून उतरले, वर बघितलं, होकायंत्र बघितलं आणि म्हणाले, “नेमकी मधली बहीण आडवी येतेय.”

१९ अंशांचा हिशेब सोपा आहे. एक किलोमीटरवरचा डोंगर तुमच्यापेक्षा साडेतीनशे मीटर उंच असला की उपग्रह त्याच्या मागे गेलाच. ग्लेन्कोत साडेतीनशे मीटरला कुणी डोंगर म्हणत नाही. तरी ह्यांनी डिश लावून पाहिली. वीज मंडळाचा माणूस डोंगराला भीत नाही.

तेवढ्यात मिजेस आल्या. हा हायलँड्समधला चिलटाएवढा किडा उन्हाळ्यात ढगांनी येतो आणि माणसाला फोडून खातो. एका हातात मीटर आणि दुसऱ्या हाताने डिश धरलेल्या माणसाला मारायला तिसरा हात नसतो, हे त्याला ठाऊक असतं. वारा सुटला की मिजेस जातात, पण वाऱ्याने तिपाई हलते आणि दोन-तीन अंश सरकली की चित्र गेलंच. वारा पडला की चित्र स्थिर, पण बघायला माणूस जागेवर राहत नाही. निसर्गाने समतोल साधलेला असतो तो असा. त्या संध्याकाळी आधी मिजेस आल्या, मग वारा आला आणि तिपाई आडवी झाली. ह्यांना हवं तेच झालं. ते म्हणाले, “मी पहिल्यापासून सांगत होतो. शिडी!”

१४ तारखेला सकाळी आम्ही लॉख लिनीच्या काठी आलो. समोर पाणी, त्यामुळे डोंगर जरा मागे सरलेले. गाडी अशी उभी केली की आग्नेय मोकळी राहील. त्यामुळे पाणी दिसणारी खिडकी मागच्या बाजूला गेली, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ह्यांनी शिडीला क्लॅम्प आवळला, डिशला गवत हुंगायला लावलं, इटली आणि जर्मनीला नमस्कार करून पुढे गेले आणि चॅनल ४ वर लॉर्ड्‌सचं हिरवंगार मैदान उजळलं. टाळ्या झाल्या. चित्र गेलं.

मोटरहोम चाकांवर आणि स्प्रिंगांवर उभी असते. आतला माणूस उठला की ती झुलते, ती झुलली की शिडी झुलते, शिडी झुलली की डिश झुलते. कोपऱ्यांत टेकू देणारे पाय काही गाड्यांना असतात, आमच्या गाडीला नव्हते. जावयांनी नियम केला: चित्र हवं असेल तर कुणी हलायचं नाही. ज्याला उठायचं असेल त्याने षटक संपल्यावर हात वर करायचा. ब्लॅडर नावाच्या अवयवाची इतकी कसोटी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

दुपारी दोनला विम्बल्डन सुरू झालं आणि रिमोटचा करार झाला: षटकं त्यांची, जाहिराती आणि ड्रिंक्स माझी. संध्याकाळी फेडरर पाचव्या सेटमध्ये ८-७ ने पुढे, सर्व्हिस त्याची, ४०-१५. दोन चॅम्पियनशिप पॉइंट. मी कराराला बाजूला सारून रिमोट ओढून घेतला. श्वास रोखला. आणि याच क्षणी आमच्या ह्यांना चहाची तल्लफ आली. “मी हळूच उठतो,” म्हणाले. ऐंशी किलोचा माणूस हळूच उठत नसतो. फेडररच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले, मग निळा पडदा. चित्र परत आलं तेव्हा ८-८ झाले होते. पुढे जोकोविच १३-१२ ने जिंकला. सामना चार तास सत्तावन्न मिनिटं चालला, विम्बल्डनच्या एकेरीतली आजवरची सगळ्यात लांबलेली फायनल. माझ्या लेखी ती आमच्या स्वयंपाकघरात हरली गेली.

तिकडे लॉर्ड्‌सवर दोन्ही संघांच्या २४१ धावा झाल्या. सुपर ओव्हर झाली, तीही १५-१५ अशी बरोबरीत सुटली. मग जास्त चौकार-षटकार मारले म्हणून इंग्लंडला विश्वविजेतं ठरवलं, २६ विरुद्ध १७. शेजारच्या गाड्यांतून आरोळ्या उठल्या. आमच्या गाडीत सगळे पुतळ्यासारखे बसून होते. डिश हलेल म्हणून कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. हे तर डोळ्यांच्या पापण्यांनीच आनंद व्यक्त करत होते.

परत आल्यावर लोकांनी विचारलं, स्कॉटलंड कसं होतं? मी सांगितलं, आग्नेयेला फार सुंदर आहे. कारण त्या बाजूचं प्रत्येक झाड, प्रत्येक टेकाड, वाऱ्याची प्रत्येक झुळूक आणि रात्री दहापर्यंत रेंगाळणाऱ्या उजेडात सरकणारा प्रत्येक ढग आम्ही तपासला. मोबाइलवर फोटो काढून पुढे जाणाऱ्यांना डोंगराची उंची कळत नाही. ज्यांची मॅच त्या डोंगराने अडवली त्यांना ती अंशांत पाठ असते.

तेव्हा मोटरहोमने जाणाऱ्या मराठी माणसांना माझा अनुभवाचा सल्ला असा: डिश जरूर न्या. ती जमिनीवर तिपाईवर लावा, तिपाईला पाण्याचा कॅन बांधा, शेजाऱ्याची डिश बघून दिशा धरा, तोंड खाली ठेवा आणि निघताना ती उचलायला विसरू नका. टीव्ही मात्र घरी ठेवला तरी चालेल.