वैतागाची वाट वणीवरून

राजकारणाचा वैताग आला की माणसं काय काय करतात. आमच्या इमारतीतले एक निवृत्त अभियंते वर्तमानपत्र बंद करतात आणि मग आमचं वाचतात. माझा थोरला भाऊ टीव्हीचा आवाज बंद करून चर्चा बघतो. हातवाऱ्यांवरून कोण कुठल्या पक्षाचा ते बरोबर ओळखू येतं, म्हणतो. मी वणीला जातो. बायकोच्या माहेरची कुलदेवता सप्तशृंगी, त्यामुळे ‘देवीला जाऊन येऊ’ एवढं म्हटलं की घरात विरोधी पक्ष शिल्लक राहत नाही. वैतागलेल्या माणसाला भूक फार लागते आणि नाशिकपासून सापुताऱ्यापर्यंतचा तो रस्ता खाणाऱ्याला उपाशी ठेवत नाही, हे खरं कारण मी सांगत नाही. तिला ते ठाऊक आहे.

ही वणी नाशिक जिल्ह्यातली, दिंडोरी तालुक्यातली. यवतमाळची वणी वेगळी, कोळशाची. आणि सगळा महाराष्ट्र ‘वणीची देवी’ म्हणत असला तरी देवीचा गड वणीत नाही. तो कळवण तालुक्यात, पायथ्याला नांदुरी. वणीपासून वीसेक किलोमीटर. काम कुणाचं आणि फलकावर नाव कुणाचं, हा आपल्याकडचा नेहमीचा तंटा इथेही निघू शकला असता. पण नांदुरीकरांनी त्यासाठी रास्ता रोको केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. वणी गावातही जगदंबेचं देऊळ आहे, त्यामुळे वणीकरांना अगदीच फुकटचं श्रेय लाटल्यासारखं वाटत नसावं.

एसटीत बसलं की पहिला राजकीय प्रसंग तिकिटाचा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टरने एक पूर्ण आणि एक अर्धं दिलं की ही माझ्याकडे बघते. सरकारवर टीका करायचीच असेल तर आता निदान अर्ध्या तोंडाने करा, असं त्या बघण्यात असतं. खिडकी मात्र तिला पूर्ण लागते.

खिडकीबाहेर द्राक्षबागा. ऑक्टोबरात छाटणी, माल जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. थंडीच्या दिवसांत बागेत जरा वाकून बघावं. घडाघडाला कागद गुंडाळलेले असतात, आणि त्यात जुन्या वर्तमानपत्रांचा भरणा मोठा. हिरवा माल परदेशी पाठवायचा तर मणी गुलाबी पडून चालत नाहीत, म्हणून ही तजवीज. शपथविधीचे फोटो, अग्रलेख, ‘आम्ही शेवटपर्यंत साहेबांसोबत’ अशा मुलाखती, सगळं घडांभोवती. द्राक्षाने रंग बदलू नये म्हणून त्याच्याभोवती कुणाकुणाचे फोटो लावलेत ते पाहिलं आणि वर्तमानपत्राचे पैसे वसूल झाले असं मला वाटलं.

वणीच्या स्टँडजवळ एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक कढई आणि कढईमागे उभा असलेला मालक, ज्याला सगळे ‘भाऊ’ म्हणतात. महाराष्ट्रात काय चाललंय ते मला या कढईतून जेवढं कळलं तेवढं वाहिन्यांवरून कळलं नाही. २३ नोव्हेंबर २०१९ला पहाटे शपथविधी झाला आणि ऐंशी तासांत ते सरकार गेलं. त्याच सुमारास मी भाऊंकडे कांदाभजी मागितली, तर पालकभजी आली. अवकाळी पावसाने द्राक्षं झोडपली होती, कांदा सडला होता आणि उरलेला शंभरीकडे निघाला होता. बशीत कांद्याची एक चकतीसुद्धा नव्हती. मी मुंबईतल्या अनैतिक आघाडीबद्दल बोलत होतो आणि बाकड्यावरची बाकीची मंडळी तिसऱ्या फवारणीबद्दल. थोड्या वेळाने माझं मलाच कळलं की इथे माझा विषय कुणी घेत नाहीये.

कांद्याने सरकारं पाडल्याची जुनी उदाहरणं आपण शाळेपासून ऐकतो. १९८०ला इंदिरा गांधी परत आल्या त्यात कांदा, १९९८ला दिल्लीत भाजप गेला त्यात कांदा. पण तो महाग कांदा, खाणाऱ्याला रडवणारा. वणी-लासलगाव पट्ट्यात उलटा हिशेब असतो. इथे कांदा स्वस्त झाला की घरात रडारड. डिसेंबर २०२३मध्ये निर्यात बंद केली तेव्हा भाऊंच्या बशीत कांदाच कांदा होता, भजीबरोबर चिरलेला, वर आणखी मुठीने टाकलेला, आणि खाणाऱ्यांचे चेहरे असे की घास गिळवेना. पुढच्या मे महिन्यात पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. गर्दीतून एका पोराने ‘कांद्यावर बोला’ अशी हाक दिली, ती सगळ्या महाराष्ट्राने ऐकली. जूनमध्ये दिंडोरी लोकसभेचा निकाल लागला, तर केंद्रात आरोग्य राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार १ लाख १३ हजारांनी पडल्या आणि शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे सर निवडून आले. त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. तिसऱ्या नंबरला एक अपक्ष, तेही भगरे, त्यांची नुसती तुतारी. त्यांना १ लाख ३ हजारांवर मतं. निकालानंतर भाऊंकडे मी एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, ‘बाबा, तुमचं मत कुणाला?’ ते म्हणाले, ‘भगरे सरांना.’ ‘कुठल्या?’ तर चहा बशीत ओतत म्हणाले, ‘ते आता मला कसं सांगता यील?’

याच बाबांनी २०२२च्या जूनमध्ये माझं तोंड बंद केलं होतं. फुटलेले आमदार सुरतेला, तिथून गुवाहाटीला, डोंगारझाडीचं वर्णन फोनाफोनी फिरत होतं आणि मी संतापाने लाल. बाबा शांतपणे म्हणाले, ‘पूर्वी सुरतेहून इकडं यायचे, आता इकडून सुरतेला जातात. रस्ता त्योच.’ रस्ता तोच नव्हता, आमदार मुंबईहून वसईकडून गेले होते. पण असल्या वाक्याला दुरुस्ती सुचवू नये. ३ ऑक्टोबर १६७०ला शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि परतताना १७ ऑक्टोबरला याच मुलखात, वणी-दिंडोरीत, दाऊदखान कुरेशीने त्यांना गाठलं. लढाई झाली, खान मागे राहिला, खजिना पुढे गेला. वणीत हे शाळेत शिकवलेल्या इतिहासासारखं कुणी बोलत नाही. परवाच्या बाजारातली गोष्ट असावी तसं बोलतात.

काका-पुतण्याचंही तसंच. सातमाळ्याच्या डोंगररांगेत वणीच्या पूर्वेला धोडप आहे, वरती कातळाची शेंडी असलेला. १७६८ला त्याच धोडपच्या पायथ्याला माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा पराभव केला आणि काकांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात ठेवलं. जुलै २०२३ला राष्ट्रवादी फुटली तेव्हा मी वाटेत बायकोला ही सगळी हकिकत सांगितली, बरीच रंगवून. ती म्हणाली, ‘मग काय, इथले लोक दोघांनाही ओळखतात.’ मला ते वाक्य २०२४च्या नोव्हेंबरात समजलं. जूनमध्ये दिंडोरी लोकसभा काकांच्या पक्षाला दिली त्याच मतदारांनी सहा महिन्यांच्या आत दिंडोरीची आणि कळवणची आमदारकी पुतण्याच्या पक्षाला दिली. राग नाही, लोभ नाही. पुण्यामुंबईचे विश्लेषक याला ‘मतदारांचा संभ्रम’ म्हणाले. मला तर ती वाटणी अगदी घरच्यासारखी वाटली.

खाण्याचा खरा मुलूख मात्र वणीच्या पुढे, सुरगाण्याच्या अंगाला. थंडीत बोरगावकडे रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीच्या पाट्या मांडलेल्या असतात. महाबळेश्वरचं नाव घेत मोठे झालेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, स्ट्रॉबेरी मात्र लगेच पचते. पावसाळ्यात गेलं तर रानभाज्या: कुर्डू, करटोली, शेवळं. कृषी खातं ऑगस्टात रानभाजी महोत्सव भरवतं, त्यात पाहुण्यांच्या हातात जुडी देऊन फोटो काढतात. आम्हाला मात्र त्या भाज्या एका कोकणा कुटुंबात मिळाल्या, चुलीपुढे बसून, नागलीच्या भाकरीबरोबर. काळपट तांबूस भाकरी, उडदाची आमटी, आणि खुरासणीची चटणी. ही चटणी मी साठीला येईपर्यंत खाल्ली नव्हती. दाण्याच्या नि तिळाच्या चटणीला आपण उगीच डोक्यावर चढवून ठेवलंय, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे, आणि राजकीय मतांपेक्षा ते जास्त पक्कं आहे.

नागलीचं नशीब २०२३ला उघडलं म्हणतात. ते भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, अर्थसंकल्पात तिला ‘श्रीअन्न’ म्हटलं गेलं, जी-२०च्या पाहुण्यांना तिचे पदार्थ वाढले. मी त्या घरातल्या आजींना हे सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं, माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाल्या, ‘खा बाबा. आमचा डोळा तर भातावरच आसतो.’ वर्षानुवर्षं नागली खाल्लेल्या माणसाला पांढऱ्या भाताचं अप्रूप आणि वर्षानुवर्षं भात खाल्लेल्या मला नागलीचं. दोघांच्या मधे दिल्लीहून आलेलं ते ‘श्री’ कुणाच्या ताटात बसेना.

त्याच भागातून मार्च २०१८मध्ये माणसं नाशिकहून मुंबईला चालत गेली होती. वनजमिनीचे दावे, कर्जमाफी. पाय फुटलेल्या बायकांचे फोटो तेव्हा सगळ्यांनी पाहिले. २०२३ला पुन्हा दिंडोरीहून निघाली. २०२२च्या शेवटी सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी तर सरळ ‘आम्हाला गुजरातमध्ये घ्या’ म्हणून सांगितलं, कारण पलीकडचा रस्ता आणि वीज त्यांना रोज दिसते. यांचा वैताग मुंबईकडे चालत जातो, माझा एसटीने उलट दिशेला येऊन भाकरी खातो. हे बायकोने मला सापुताऱ्याच्या वळणावर ऐकवलं. वर म्हणाली, ‘अहो, आणि तुमचा वैताग सीझनल आहे. द्राक्षं आली की वाढतो.’

गडावर जायचं राहिलं तर देवी क्षमा करील, सासूबाई करणार नाहीत, म्हणून आम्ही जातोच. २०१८पासून फनिक्युलर ट्रॉली आहे. माझे गुडघे तिच्या बाजूने आहेत, बायको पायऱ्यांच्या. चैत्रात गेलं तर खानदेशातून चालत आलेली माणसं भेटतात, अहिराणी कानावर पडते आणि कुठे तरी वरण-बट्टीचा बेत चाललेला असतो. बट्टी मोडून तिच्यावर तूप ओतताना जे मौन पाळलं जातं ते विधानसभेत श्रद्धांजलीलाही पाळत नाहीत. चैत्री पौर्णिमेच्या आदल्या रात्री दरेगावच्या गवळी घराण्यातला माणूस ध्वज घेऊन शिखरावर जातो. दिवसा खालून बघितलं तरी त्या कड्याला वाट सापडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेच घराणं, तोच झेंडा. एवढ्या वर्षांत त्यांना दुसऱ्या झेंड्याची ऑफर आली नसेल का, असा एक क्षुद्र विचार माझ्या मनात आलाच.

देवीला अठरा हात, सगळ्यांत आयुधं, आणि मान किंचित कललेली. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणतात आणि ती कान देऊन ऐकते, अशी श्रद्धा. २०२२ला मूर्तीवरचे शेंदराचे जुने थर उतरवले, हजार किलोंच्या वर शेंदूर निघाला, आणि नवरात्रात लोकांनी मूळ रूप पाहिलं. शेंदूर उतरल्यावर देवी आणखी सुंदर दिसली. आपण निवडणुकीत ज्यांना ज्यांना शेंदूर फासतो त्यांच्यावर हा प्रयोग कुणी करू नये. पण अठरा हातांत शस्त्रं असूनही ऐकायला थांबलेली ती मान मला आवडते. आमच्याकडे दोन हात, तेही जोडलेले, आणि ऐकायला एक कान रिकामा नाही.

नवरात्राचेच दिवस होते, ४ ऑक्टोबर २०२४, जेव्हा दिंडोरीचे आमदार आणि विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आदिवासींच्या मागण्यांसाठी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उतरले. सरकार त्यांचं, मंत्रालय त्यांचं, जाळीही सरकारीच. मी हे भाऊंच्या हॉटेलात फार उपरोधाने सांगायला लागलो. कुणी हसलं नाही. ‘आपला माणूस हाय, उतरला जाळीवर. तुमचा कोण उतरलाय?’ असं एकाने विचारलं, आणि मला आमच्या आमदाराचं नाव आठवेपर्यंत भजी गार झाली.

डिसेंबरात झिरवाळ मंत्री झाले. खातं मिळालं अन्न व औषध प्रशासन. त्यानंतर गेलो तेव्हा द्राक्षं सुरू झाली होती, म्हणजे माझा वैताग भरात होता. कढईत तेल चांगलं स्वच्छ, पिवळंधमक दिसलं.

मी म्हटलं, ‘भाऊ, आता काय, खातंच आपल्या तालुक्यात आलं. तेल बदलायचा ताप गेला.’

‘गेला कसा?’ भाऊ झारा निथळत म्हणाले. ‘वाढला की! पहिलं सायेबाचा माणूस यायचा, त्याला चहा पाजला की भागायचं. आता सायेब सोताच येऊन बाकड्यावर बसायचे, अन् म्हणायचे, टाक रे एक प्लेट.’

मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘तुम्हाला किती टाकू? कांदा आज बावीस रुपये हाय. खाऊन घ्या.’