फंदींचा डेट्रॉइटचा भाऊबंद

ट्रॉय, मिशिगन

तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व खुशाल. बर्फ पडतंय, ह्यांची कंबर धरली आहे आणि चिरंजीव रॅप करतायत. पहिल्या दोन्हींवर इलाज आहे.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "हा एमिनेम कोण लागून गेला, की नातू आजोबांना 'हो, हो' म्हणून वाटेला लावतो?" मी सांगायला घेतलं, तेवढ्यात आईने पलीकडून बोरन्हाणाचा विषय काढला आणि एमिनेम राहूनच गेला. म्हणून सविस्तर लिहिते.

त्याचं खरं नाव मार्शल मॅदर्स. जन्म १९७२, मिसुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावचा. बाप तान्हेपणीच सोडून गेला. आई पोराला घेऊन इथे तिथे बिऱ्हाड करत शेवटी आमच्या डेट्रॉइटच्या बाजूला टेकली. पुढचं वाक्य जरा बसून वाचा: गडी नववीत तीनदा बसला आणि मग त्याने शाळाच सोडली. तुमच्या वर्गात असता तर तीनदा बसला नसता, एकदाच ओणवा राहिला असता. पण याच नापास पोराला शब्दकोश वाचायचं वेड होतं. यमकं सापडावीत म्हणून पानंच्या पानं वाचायचा. सुचेल ते मिळेल त्या कागदावर खरडायचं आणि कागद खोक्यात टाकायचा. पुढे एका मुलाखतीत त्याने ती खोकी उघडून दाखवली. आमच्या चिरंजीवांच्या खोलीतही हल्ली असे कागद सापडतात. मी केर म्हणून उचलले, तर घरात बारा तास अबोला.

इथले मोठे रस्ते मैलांवरून ओळखतात. आमच्याजवळचा सोळावा मैल. खाली आठवा मैल लागला की डेट्रॉइट शहर सुरू. वर्षानुवर्षं ती रेघ नुसती हद्दीची नव्हती, काळ्या आणि गोऱ्या वस्त्यांमधली होती. रॅप ही काळ्या पोरांनी घडवलेली कला, आणि हा गोरा पोरगा त्यांच्या अड्ड्यावर जाऊन समोरासमोर उभा राहायचा. दोघं गडी, एक माईक, भोवती गर्दी. एकाने दुसऱ्याला यमकात सोलायचं, मग दुसऱ्याने त्याला, आणि निकाल गर्दीच्या आरोळीवर. अण्णा, हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्हीच सांगायचात, कलगीवाले शक्तीच्या बाजूने, तुरेवाले शिवाच्या बाजूने, आणि सवाल-जवाब उजाडेपर्यंत. फरक इतकाच, की इथे शंकर-पार्वतीला मध्ये न घेता सरळ समोरच्याच्या घरादारावर येतात.

त्या आठव्या मैलाच्या रस्त्याच्याच नावाचा सिनेमा २००२ साली आला, नायक हाच. त्यातल्या शेवटच्या सामन्यात तो आधी स्वतःचीच सगळी लक्तरं काढतो: मी गरीब, मी पत्र्याच्या फिरत्या घरात राहतो, मला या या लोकांनी मारलं. आता प्रतिस्पर्ध्याने बोलायचं काय? माईक हातात धरून गप्प. ह्यांना ती युक्ती इतकी आवडली, की मी तोंड उघडायच्या आत 'मी आळशी, मी विसरभोळा' म्हणून मोकळे होतात. सिनेमातल्या गाण्याला ऑस्कर मिळालं. रॅपच्या गाण्याला मिळालेलं ते पहिलंच. आणि बक्षीस जाहीर झालं तेव्हा हे महाशय घरी झोपले होते. (आईला हे आवडेल. तिच्या मते झोप महत्त्वाची.)

वेग विचाराल तर त्याचं २०१३ सालचं एक गाणं गिनेस बुकात आहे. ६ मिनिटं ४ सेकंदांत १५६० शब्द. मला ते कांद्याच्या लिलावात बोली पुकारणाऱ्यासारखं वाटतं. भाव कळत नाही, पण कोणाचं तरी दिवाळं निघालंय एवढं समजतं.

पुढचा परिच्छेद आईला मोठ्याने वाचून दाखवू नका. डेट्रॉइटमध्ये त्याचं 'मॉम्स स्पगेटी' नावाचं खाद्यगृह आहे. चिरंजीव आम्हाला तिथे देवदर्शनाच्या थाटात घेऊन गेले. आता, आईच्या नावावर शेवया विकणाऱ्या या सुपुत्रावर आईनेच १९९९ साली एक कोटी डॉलरचा दावा लावला होता, गाण्यांतून बदनामी केली म्हणून. तडजोड झाली पंचवीस हजारांवर आणि त्यातला मोठा वाटा वकिलाने नेला. वकील सगळीकडे सारखेच. पुढे त्याने एका गाण्यातून आईची माफी मागितली. २०२४ च्या डिसेंबरात ती वारली. चिरंजीवांना मी विचारलं, "माझ्यावर काही रचलंयस का?" तर म्हणाले, "अजून पुरेसं मटेरियल नाही." आशीर्वादच म्हणायचा.

शिव्यांबद्दल तुमचा राग आहे, तो रास्त आहे. शिव्या आहेत, भरपूर आहेत, आणि काही गाणी मी निम्म्यात बंद करते. पण एक सांगा, अनंत फंदींचे फटके तुम्ही आम्हाला छडी आपटून पाठ करून घेतलेत. त्यांच्या लावण्या कधी शिकवल्यात? संगमनेरचा हा शाहीर, घोलपांचा मुलगा, १७४४ चा जन्म. ऐन भरात तमाशाच्या फडात डफावर गात होता. ब्राह्मणाने हे काय मांडलंय म्हणून अहिल्याबाईंनी कान उपटले, फंदींनी डफ फोडला आणि कीर्तनाला लागले, ही गोष्ट तुम्हीच सांगितलेली. आता तर सगळ्या जिल्ह्यालाच त्या माऊलीचं नाव आहे. एमिनेमला कोणी अहिल्याबाई भेटली नाही. २००७ च्या डिसेंबरात गोळ्यांच्या नशेत मरता मरता वाचला आणि पुढच्या एप्रिलपासून निर्व्यसनी आहे. डफ मात्र त्याने फोडला नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि यात आरोपी तुम्ही आहात. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तुम्ही टेबलावर बोटं आपटत फटका म्हणून दाखवलात. चिरंजीवांनी इकडे हळूच लॅपटॉपवर बीट लावला, आणि अण्णा, तुम्ही कुठेही चुकला नाहीत! मग मी कागद घेऊन मात्रा मोजल्या, तुम्हीच शिकवल्या तशा. फटक्याची ओळ तीस मात्रांची, आधी सोळा, मग चौदा. रॅपच्या एका बारमध्ये चार ठोके, प्रत्येकाचे चार भाग, म्हणजे सोळा. पहिला तुकडा काठोकाठ बसतो. दुसऱ्यात दोन मात्रा उरतात, तिथे शाहीर श्वास घेतो. चिरंजीव म्हणाले, "आजोबांचा फ्लो जबरी आहे." 'फ्लो' म्हणजे काय ते विचारू नका, ही दाद आहे. खर्ड्याच्या लढाईचा पोवाडाही याच फंदींचा आणि खर्डा आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात, हे कळल्यापासून तर त्याला एमिनेमपेक्षा आपलं गाव वरचढ वाटायला लागलंय. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन त्याला ठाऊक होता, संगमनेरचे फंदी नव्हते. आता येत्या सुट्टीत तो प्रवरेकाठी तुमच्यासोबत फिरायला येणार आहे. त्याच्या कानात ते बोंडकं असेल, रागावू नका.

त्याची एक विनंती आहे. ते दिवाळीचं रेकॉर्डिंग तुम्ही परत करून पाठवणार होतात, आई मध्ये बोलली म्हणून. पाठवू नका. फटक्याच्या चौथ्या ओळीनंतर आई "अहो, दूधवाला आलाय!" म्हणून ओरडते, ते त्याला तसंच हवंय. गाण्यात दर चार ओळींनी तेच घ्यायचं ठरलं आहे. आईची परवानगी तेवढी लेखी घ्या. दाव्यांचं काही सांगता येत नाही.

कळावे, लोभ आहेच.
आपली,
ताई