कटभाऊ, सा. न. वि. वि.

श्री. कटभाऊ
(उर्फ 'रेफरल', उर्फ 'प्रोफेशनल फी', उर्फ 'मार्केटिंग'),
मुक्काम धंतोली-रामदासपेठ, नागपूर.

आपली गाठ कधी पडली नाही. पण गेली सात वर्षं तुमचं चहापाणी आमच्या घरून चालतं, म्हणून म्हटलं पाहुण्याची ख्यालीखुशाली विचारावी. नाव मात्र झकास घेतलंत. इंग्रजीत कापून घेतलेला वाटा आणि मराठीत संगनमत. दोन्ही भाषांत खरं ठरणारं नाव फार थोड्यांच्या नशिबी असतं.

माझ्या आईच्या हृदयात धातूची झडप आहे. लहानपणी ताप आला, सांधे धरले, घरच्यांनी वाढीचं दुखणं म्हणून सोडून दिलं. ते पन्नाशीत झडपेवर निघालं. या झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची. गोळी कमी पडली तर गुठळी थेट मेंदूकडे, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. अडीच ते साडेतीन या दोन आकड्यांच्या मधल्या पायवाटेनं आई चालते. पाय वाटेवर आहे की नाही, हे सांगते पीटी-आयएनआर ही तपासणी. महिन्यातून एकदा.

तपासणीत राजेशाही असं काही नाही. निळ्या झाकणाची नळी, तिच्यात एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त. नळी गरगर फिरवायची, वर आलेला पिवळसर प्लाझ्मा घ्यायचा, त्यात थ्रोम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम टाकायचं, आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. १९३५ साली आर्मंड क्विक यांनी ही युक्ती काढली. पुढे घोळ असा झाला, की थ्रोम्बोप्लास्टिन जितक्या तऱ्हेचं, तितके निकाल वेगळे. म्हणून १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं हिशेब बसवून दिला: रक्त कुठेही तपासा, आकडा एका मापात यावा. नागपुरात २.८ म्हणजे नैरोबीतही २.८. आयएनआरमधला 'आय' इंटरनॅशनलचा, तो असा. शास्त्रज्ञांनी जगाचा आकडा एक केला आणि तुम्ही एका गल्लीतला दर एक राहू दिला नाहीत. याला कर्तृत्व म्हणतात.

तुमचा शोध मला अपघातानं लागला. आम्ही नेहमी दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या काउंटरवर रक्त द्यायचो, ५५० रुपयांत. एका वर्षी मारबतीच्या दिवशी तो काउंटर बंद होता. म्हणून त्याच लॅबच्या मुख्य शाखेत गेलो. पोरानं विचारलं, "कोन्या डॉक्टरनं पाठवलं?" मी म्हटलं, कोणी नाही, आपलेआपण आलो. त्यानं 'रेफर्ड बाय'पुढे 'सेल्फ' लिहिलं आणि पावती फाडली: २८० रुपये. तीच लॅब, तेच मशीन, तीच निळी नळी, रिपोर्टवर सहीसुद्धा तीच. बदललं ते एका रकान्यातलं नाव. म्हणजे २७० रुपये रक्ताचे नव्हते, नावाचे होते. वर्षातून बारा वेळा धरले तर ३,२४०.

घरी येताना महालात मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे पुतळे, निघालेले. महागाईचा बडग्या होता, भ्रष्टाचाराचा होता. तुमचा दिसला नाही. पुतळ्याला चेहरा लागतो, आणि तुमचा चेहरा कोणत्याच पावतीवर छापत नाहीत.

सगळेच डॉक्टर तुमचे यजमान नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक असेल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना पेशंटला एमआरआयसाठी पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा चेक आला होता. विंचूदंशावर उपाय शोधणारा माणूस, त्यानं तुमचीही नांगी ओळखली. २०१३ मध्ये थेट मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. तसं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतलं कलम ६.४ तुम्हाला बंदी घालतंच. पण बंदी असलेल्या पाहुण्यालाही मागच्या दारानं खुर्ची मिळते.

२०१७ मध्ये राज्य सरकारनं तुमच्यासाठी खास कायद्याचा मसुदा करवून घेतला. निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती होती. एवढा मान भल्याभल्यांना मिळत नाही. त्यानंतर बहुतेक डिसेंबरांत अख्खं सरकार अधिवेशनाला नागपुरात आलं, संत्री खाऊन गेलं. मसुदा मसुदाच राहिला. विधानभवनापासून धंतोली ऑटोनं किती दूर? पण कुणी सांगायचं!

गंमत पाहा. आईची गोळी, वॉरफरिन, आवश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणून त्या गोळीची कमाल किंमत सरकार ठरवतं. ती गोळी किती घ्यायची हे जिच्यावर ठरतं, त्या तपासणीला मात्र रान मोकळं. आणि दर बांधताच येत नाहीत, असंही नाही. कोरोनात आरटी-पीसीआर ४,५०० वरून वर्षभरात ५०० वर आणली होती. लॅबना कुलपं लागल्याचं काही ऐकलं नाही.

आता थोडं न हसता. 'सेल्फ'ची युक्ती कळण्याआधी आईनं आपली एक युक्ती काढली होती. "या महिन्यात राहू दे, मला बरं वाटते," म्हणायची. ५५० वाचले की तिला भाजीवाल्याकडून जिंकल्यासारखं व्हायचं. दोन महिने राहू दिलं. तिसऱ्या महिन्यात दात घासताना हिरडीतून रक्त यायला लागलं ते थांबेना, दंडावर न आपटताच जांभळे डाग. आयएनआर ५.८. एक रात्र दवाखान्यात काढली. ते बिल तुम्हाला पाठवणार नाही, त्यातही तुमचा वाटा असायचा.

आपला,
एक जुनं गिऱ्हाईक

ता. क. : आज सकाळी आईला घेऊन गेलो होतो. तुमच्या त्या चेकची गोष्ट मी तिला रात्रीच सांगितली होती. पोरानं विचारलं, "काकू, रेफर्ड बाय सेल्फ लिहू ना?" आई म्हणाली, "सेल्फ काहून? माझं पूर्ण नाव लिही न बाबू, पत्त्यासकट. चेक आला त घर नाही चुकलं पाहिजे."