आधी दाणे तपासा

घरचं सोयाबीन पेरायचं असलं, की असोद्याचा शेतकरी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो. चार-सहा दिवसांनी कोंब मोजतो. कोंब कमी निघाले तर बियाणं बदलतो. वावराला बोल लावत नाही.

त्याच घरात सुनेला दिवस राहिले नाहीत, की पहिलं रक्त तिचं, पहिली सोनोग्राफी तिची, उपासही तिचेच. ‘आमच्या पोऱ्यात खोट नाही’ एवढ्यावर नवऱ्याची तपासणी संपते. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. वीर्यतपासणीला सुई नाही, भूल नाही. आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, फाइलीत पहिला रिपोर्ट त्याचाच हवा.

कारण आयव्हीएफमध्ये पुढच्या सुया तिलाच घ्यायच्या आहेत, साधारण आठ ते बारा दिवस, रोज. एरवी महिन्याला एक बीज पिकतं. इथे एकदम अनेक पिकवतात. अंडाशय फार चेतले तर रक्तातलं पाणी पोटात झिरपतं, रक्त घट्ट होतं, गुठळीचा धोका वाढतो. पीसीओडी असलेल्या आणि एएमएच (बीजसाठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) जास्त असलेल्या बाईला हा धोका अधिक. म्हणून एएमएच आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची सोनोग्राफी डोस ठरवण्यासाठी असते. एएमएच चांगला म्हणजे मूल नक्की, असं नाही. थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, कावीळ यांच्या तपासण्याही आधीच. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातल्या जोडप्यांनी सिकलसेलची तपासणी टाळूच नये. दोघंही वाहक असले तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक.

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या पथकाच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती ६ ऑगस्ट १९८६ ला. बुजून मागे फिरावं इतकं हे शास्त्र नवखं नाही. पण न विचारता पुढेही जाऊ नका. अंडाशय फार चेतण्याचा माझा धोका किती? तो कमी करायला औषधं कशी बदलणार? बीज पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन कोणतं? अंडाशय सुजले तर भ्रूण गोठवून नंतर गर्भाशयात ठेवणार का? आयव्हीएफ केंद्रांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने फायदे-तोटे, दुष्परिणाम, खर्च आणि यशाची शक्यता सांगणं केंद्रावर बंधनकारक आहे. संमतीपत्र समजेल त्या भाषेत ऐकल्याशिवाय सही करू नका. प्रश्न विचारणारी बाई आगाऊ नसते. अंग तिचं आहे.

असोद्याहून जळगाव जवळ आहे, पण त्रास झाला तर रात्री दोन वाजता गाडी कोणाची, फोन कोणाला, हे आधी ठरवा. शेवटच्या इंजेक्शननंतर दोन आठवडे जपायचे आहेत.

गोणपाटातले दाणे बघायला घरधनी रोज सकाळी उठून जातो. तसंच रोज सकाळी तिलाही विचारा: पोट फुगलंय का? उलट्या होतायत का? लघवी कमी होतेय का? दम लागतोय का?

एकाचंही उत्तर ‘हो, त्रास आहे’ आलं, तर चहासुद्धा न घेता निघा.