सायकलभयाची मीमांसा

पुणे शहरातील सुखवस्तू कुटुंबांत अलीकडे एक नवा संस्कार रूढ झाला असून, त्याचा उल्लेख कोणत्याही धर्मग्रंथात नसला तरी मौंजीबंधनापेक्षा तो अधिक निष्ठेने पाळला जातो. चिरंजीव बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाले की त्यांची सायकल जिन्याखाली कायमची रवाना होते आणि त्यांच्या हाती मोटारसायकलची किल्ली समारंभपूर्वक देण्यात येते; कारण विचारावे तर तीर्थरूप आवाज खाली आणून सांगतात, "रस्ते पूर्वीसारखे राहिले नाहीत हो, आता सायकल चालवायची म्हणजे जिवाशी खेळ." या उत्तरातील पितृवात्सल्याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती केवळ त्यातील अंकगणिताविषयी.

केंद्र सरकारचे रस्ते वाहतूक खाते दरवर्षी अपघातांचा एक जाडजूड अहवाल प्रसिद्ध करते, आणि तो कोणी वाचीत नसल्यामुळे त्यातील सत्य शाबूत राहते. या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली. त्यांपैकी ४४.५ टक्के यांत्रिक दुचाकींवर आरूढ होती, १९.५ टक्के बिचारी पायी चालत होती, आणि ज्या वाहनाच्या नुसत्या नावाने तीर्थरूपांस कापरे भरते त्या सायकलीवर सुमारे तीन टक्के होती. तेव्हा जिवाशी खेळ नको म्हणून चिरंजीवांस सायकलीवरून उतरवून मोटारसायकलीवर बसविण्याची ही तजवीज विंचवाच्या धाकाने वारुळात हात घालण्यासारखी आहे.

येथे एखादा चिकित्सक वाचक हरकत घेईल की, सायकल चालवितो कोण? जो चालवीतच नाही तो मरणार कसा? हरकत रास्त आहे आणि ती आम्ही अंशतः मंजूर करतो. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांपैकी सायकलीने जाणारे आणि यांत्रिक दुचाकीने जाणारे जवळजवळ सारखेच, म्हणजे प्रत्येकी तेरा टक्क्यांच्या आसपास होते. त्यानंतर दुचाकींचे पीक अमाप आले आणि त्यांचा पल्लाही लांबला. दर किलोमीटरमागे हिशेब मांडला तर दोहोंतील तफावत पुष्कळ आकसेल, हे कबूल. पण तीर्थरूप किलोमीटर मोजीत नाहीत. सकाळी घराबाहेर पडलेला मुलगा रात्री परतला की नाही, एवढेच ते मोजतात, आणि ज्या यंत्रामुळे तो दसपट दूर व चौपट वेगाने जाऊ शकतो त्या यंत्राची मोजणीही त्याच मापाने व्हावयास हवी.

शिवाय सायकलीने जाणारे ते तेरा टक्के लोक कोण, हाही प्रश्न चौकशीस पात्र आहे. रात्रपाळीचा पहारेकरी, भिंतीला रंग देणारा कारागीर, इमारतींच्या पायात उतरणारा बिगारी, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा पोरगा: ही मंडळी रस्त्याला भीत नाहीत असे नव्हे, परंतु ते भय त्यांच्या ऐपतीत बसत नाही. सायकलीच्या धोक्यावर दिवाणखान्यात जी प्रदीर्घ चर्चा चालते तीत त्यांपैकी एकालाही साक्षीदार म्हणून पाचारण झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मोटार चालविणारा मनुष्य सायकलस्वाराकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, याचा छडा लावण्याचे कार्य इंग्लंडातील बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर नामक मानसशास्त्रज्ञाने अंगावर घेतले, आणि अंगावर घेतले हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. आपल्या सायकलीला अंतर मोजणारे यंत्र बसवून तो सॉल्सबरी आणि ब्रिस्टल येथील रस्त्यांवर हिंडला आणि त्याला ओलांडून जाणाऱ्या दोन हजारांहून अधिक वाहनांनी किती अंतर राखले याची त्याने नोंद केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत असे दिसले की, डोक्यावर हेल्मेट असता वाहने सरासरीने साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेली. आणि हेल्मेटऐवजी लांब केसांचा टोप घालून, म्हणजे पाठमोऱ्या स्त्रीचा वेष घेऊन तो निघाला, तेव्हा त्याच वाहनचालकांच्या जातीत एकाएकी दाक्षिण्याचा उदय होऊन त्याला अधिक ऐसपैस वाट मिळाली. या प्रयोगात त्यास एकदा बसने आणि एकदा ट्रकने धडक दिली, व दोन्ही प्रसंगी त्याच्या मस्तकी हेल्मेट होते. या आकड्यांच्या अन्वयार्थावर पुढे इतर पंडितांनी वाद माजविला, आणि तो माजवावयासच हवा होता. आम्हांस मात्र एवढेच वाटते की हा प्रयोग आमच्या शहरात करावयाचा झाल्यास टोपाचा खर्च वाया जाईल, कारण येथे वाहन किती अंतरावरून जाणार हे सायकलस्वाराच्या डोक्यावर नव्हे तर रस्त्यावरील खड्ड्यांच्या वाटणीवर ठरते.

हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर पुणेकरांच्या तत्त्वनिष्ठेस वंदन करूनच पुढे जावे. २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी यांत्रिक दुचाकीस्वारांवर हेल्मेटसक्तीचा बडगा उगारला, तेव्हा नागरिकांच्या मस्तकस्वातंत्र्याच्या रक्षणार्थ या नगरीत मोर्चे निघाले, निवेदने सादर झाली आणि सत्ताधीशांस निर्वाणीचे इशारे देण्यात आले. ताशी साठ किलोमीटर वेगाने उघड्या डोक्याने जाणे हा ज्याचा जन्मसिद्ध हक्क, तोच गृहस्थ ताशी बारा किलोमीटरने चाललेल्या सायकलस्वारास चौकात थांबवून, "निदान हेल्मेट तरी घालत जा राव," असा प्रेमाचा सल्ला देतो.

वस्तुतः एके काळी याच शहराला सायकलींचे शहर म्हणत, आणि त्या काळी सायकलस्वारास भय होते ते फक्त पोलीस शिपायाचे. नगरपालिकेचा बिल्ला नाही, सूर्यास्तानंतर दिवा नाही किंवा मागे मित्रास डबलसीट घेतले आहे, या तीन गुन्ह्यांखाली कित्येक भावी न्यायाधीश व प्राध्यापक आपल्या उमेदीच्या वयात पकडले गेले असतील. रस्ता सायकलींनी इतका गजबजलेला असे की मोटारीलाच संकोचून चालावे लागे. जेकबसेन नावाच्या एका अमेरिकी अभ्यासकाने २००३ साली निरनिराळ्या देशांचे आकडे ताडून हीच गोष्ट सप्रमाण मांडली: सायकलस्वार दुप्पट झाले की त्यांतील प्रत्येकाची जोखीम सुमारे एक तृतीयांशाने घटते. याचा उलटा अर्थ असा की, भिऊन सायकल जिन्याखाली ठेवणारा प्रत्येक सद्गृहस्थ उरलेल्यांचा धोका इमानेइतबारे वाढवितो आणि मग वाढलेल्या धोक्याकडे बोट दाखवून म्हणतो, "पाहा, मी सांगत नव्हतो?"

आणि आयुष्याचाच हिशेब हवा असेल तर डच संशोधकांनी तोही २०१० साली मांडून ठेवला आहे. लहानसहान अंतरांसाठी मोटार सोडून सायकल धरणारा मनुष्य अपघाताच्या शक्यतेपोटी सरासरीने आयुष्यातील पाच ते नऊ दिवस गमावतो, धुराच्या पायी फार तर चाळीस, आणि व्यायामामुळे कमावतो तीन ते चौदा महिने. हे आकडे नेदरलँड्सचे आहेत. आमचा धूर आणि आमचे ट्रक जमेस धरता नफ्यात मोठी कपात करावी लागेल. तरीही आरामखुर्चीत बसून वाढविलेल्या मेदाचा पंचनामा कोणतेही पोलीस ठाणे करीत नाही, आणि वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येत नाहीत, म्हणून तो निर्धोक मानावा असा आपल्याकडे अलिखित ठराव आहे.

कोलकात्याच्या पोलिसांनी मात्र या प्रकरणी जी प्रांजळता दाखविली तिला तोड नाही. त्यांनी एका फर्मानाने शहरातील मोठमोठ्या रस्त्यांवर सायकलीस मज्जाव केला, २०१३ च्या सुमारास तर अशा रस्त्यांची संख्या दीडशेच्याही वर गेली, आणि सबब दिली ती ही की मंद वाहनांमुळे वाहतुकीची गती खुंटते. दूधवाला आणि टपालवाला यांनी मग काय करावे, याविषयी फर्मान मौन पाळते. पण धोका नेमका कोणाला आणि कशाला आहे, हे त्यात इतक्या सरळ भाषेत सांगितले आहे की आमच्या मीमांसेचे निम्मे प्रयोजनच संपले.

आमच्या महापालिकेने असा कठोर मार्ग न पत्करता सायकलस्वारांसाठी स्वतंत्र मार्ग बांधले. त्यांवर आज विजेच्या पेट्या, वडापावच्या गाड्या, दुकानांचे फलक आणि उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकली अशी समृद्ध वसाहत नांदत असल्यामुळे सायकलस्वार नाइलाजाने मुख्य रस्त्यावर उतरतो. आणि तो उतरताच मागची मोटार कर्णा वाजवीत त्याच्या बरोबरीस येते आणि आतील गृहस्थ "तुमचा मार्ग तिकडे आहे" असे त्यास सुनावतात. एवढ्यासाठी वातानुकूलित गाडीची काच खाली करण्याचे कष्ट ते घेतात, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.